साडेतीन टनांची नौका: शर्यतही, सहलही

फ्रान्समधल्या झानो या कंपनीच्या दोन शिडाच्या नौका घेऊ. एकीचं नाव सन ओडिसी ३४९, दुसरीचं सन फास्ट ३३००. पहिलीच्या सांगाड्याची लांबी ९.९७ मीटर, दुसरीची ९.९९. रुंदी पहिलीची ३.४४ मीटर, दुसरीची ३.४०. धक्क्याला शेजारी-शेजारी बांधल्या तर मापाच्या फितीशिवाय फरक सांगता येणार नाही. पण क्रेनला टांगून तोलल्या, की पहिली भरते सुमारे ५.३ टन आणि दुसरी ३.५ टन. एवढ्याच आकाराच्या नौकेतून पावणेदोन टनांच्या आसपास वजन गायब झालेलं असतं. दोन लहान मोटारी सहज उभ्या राहतील एवढं.

हे वजन गेलं कुठे, आणि ते घालवण्यासाठी काय काय सोडावं लागलं, एवढं समजून घेतलं की ‘रेसर-क्रूझर’ हा प्रकार समजला. नावात दोन गोष्टी आहेत: शर्यतीतही उतरायचं आणि सुट्टीत घरच्यांना घेऊन चार दिवस समुद्रावरही राहायचं. शर्यतीला हलकी नौका लागते. सहलीला पाणी, भांडी, गाद्या, नांगराची साखळी, फ्रिज हे सगळं लागतं आणि त्यातलं प्रत्येक जड असतं. या ओढाताणीचा निकाल फ्रेंच लोकांनी कसा लावला, ते बघायला मला मनापासून आवडतं. म्हणून सन फास्ट ३३०० हे एकच उदाहरण धरून हा सगळा विषय मांडतो आहे. २०१९ मध्ये आलेली ही नौका दानियेल आंद्रिय आणि गियोम व्हेर्दिए या दोघांनी मिळून आखली. आंद्रिय अशा मध्यम आकाराच्या नौकांमधले मुरलेले, तर व्हेर्दिए एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या अतिवेगवान नौका आखणारे.

वजनाला एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. नौका पाण्यातून पुढे जाते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते आणि बुडाशी, म्हणजे मागच्या टोकाशी, दुसरी. वेग वाढत जातो तसं या दोन लाटांमधलं अंतर वाढतं. ते अंतर नौकेच्या पाण्याला टेकलेल्या लांबीएवढं झालं, की नौका स्वतःच्याच दोन लाटांमधल्या खळग्यात अडकते. पुढे सरकायचं तर तिला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. हा वेग काढायचा हिशेब सोपा आहे. पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.४३ ने गुणा; उत्तर नॉटमध्ये मिळतं. लांबी ९ मीटर असेल तर वर्गमूळ ३, आणि वेग साधारण ७.३ नॉट, म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर. बेताने चालवलेली सायकल एवढ्याच वेगाने जाते. जड नौकेला कितीही शीड लावलं तरी ती या मर्यादेच्या फार पुढे जात नाही. शीड वाढवलं तर बूड आणखी खचतं, एवढंच.

हलक्या नौकेला मात्र इथून एक सुटका आहे. तिचा मागचा भाग रुंद आणि सपाट असेल आणि वारा पुरेसा असेल, तर ती स्वतःच्या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाऊ लागते. तळ्यात चपटा दगड आडवा फेकला की तो टप्पे घेत जातो, त्याच जातीची ही गोष्ट. मग सात नॉटची मर्यादा उरत नाही. मागून जोराचा वारा आणि पाठीवर अटलांटिकची लांब लाट असली, की अशी नौका दहा-बारा नॉटच्या पुढे धावते. हे सगळं घडायचं तर आधी वजन उतरवायला हवं. हलकेपणाचं वेड म्हणतात ते यासाठी.

आता उलटी बाजू. शिडाच्या नौकेला वजन लागतंच, नाहीतर ती आडवी होईल. डोलकाठीवर वाऱ्याचा दाब येतो, नौका एका अंगावर कलते. तिला पुन्हा उभं करणाऱ्या गोष्टी दोन: तिची रुंदी आणि तळाखाली टांगलेलं वजन. रुंद परात पाण्यावर सहजी उलटत नाही, अरुंद तांब्या लगेच कलंडतो. हा रुंदीचा गुण. पण परात एका हद्दीपलीकडे कलली, की तिचा सगळा गुण संपतो आणि ती पालथीच होते. तिथे दुसरी गोष्ट कामाला येते. तळाला वजन असलेली बाहुली कितीही पाडली तरी उठून उभी राहते ना, तसं नौकेच्या तळाखाली एक पातं उतरवतात आणि त्याच्या टोकाला जड गोळा बसवतात. या पात्याला कील म्हणतात. ३३०० ची नौका तळापासून कीलच्या टोकापर्यंत मिळून पाण्यात १.९५ मीटर खोल जाते. गोळा जितका खोल, तितकं कमी वजन पुरतं. हातोडा दांड्याच्या टोकाला धरला तर हलका घावही जोरात बसतो, तसंच आहे हे.

म्हणून वजन किती याच्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न असतो तो वजन कुठे. अशा नौकांमध्ये एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त एकट्या कीलमध्ये असतो. वरचं सगळं, म्हणजे सांगाडा, डेक, डोलकाठी, इंजिन, ओटा, बाकी उरलेल्या वजनात बसवायचं. वर वाचवलेला प्रत्येक किलो खाली गोळ्यात घालता येतो. एक किलो वरून काढून खाली टाकला, की नौका दोन्ही बाजूंनी सुधारते.

या वजनापायी फ्रेंच खलाशी कुठवर गेले, त्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. एरिक ताबार्ली हे फ्रान्सचे सगळ्यात मोठे दर्यावर्दी. १९६४ मध्ये त्यांनी ‘पेन ड्युइक २’ या नौकेतून इंग्लंड ते अमेरिका ही एकट्याची शर्यत जिंकली आणि सारा देश शिडाच्या नौकांच्या नादी लागला. १९७३ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी त्यांनी ‘पेन ड्युइक ६’ बांधून घेतली. तिच्या कीलमध्ये त्यांनी घातलं अणुउद्योगातून उरणारं, क्षीण केलेलं युरेनियम. कारण साधं होतं. एक लिटरच्या बाटलीत मावेल एवढं बीड सुमारे सात किलो भरतं, शिसं ११.३ किलो आणि युरेनियम १९ किलो. तेवढंच वजन कमी जागेत, अधिक खाली बसतं. पुढे शर्यतीच्या नियमांनी असले धातू बंद केले. आजही कीलमध्ये बीड किंवा शिसं असतं, आणि महागड्या नौकेत पातं बिडाचं, गोळा शिशाचा असा मेळ दिसतो.

‘पेन ड्युइक ६’ आखणारे होते मार्सेयचे आंद्रे मोरिक. याच मोरिक यांच्या आराखड्यावरून बेनेतो कंपनीने १९७७ मध्ये ‘फर्स्ट ३०’ काढली, आणि फ्रेंच रेसर-क्रूझरचा खरा जमाना तिथून सुरू झाला. बेनेतोचं मूळ १८८४ मधलं. व्हांदे प्रांतातल्या क्रुआ-द-व्ही या मच्छीमार बंदरात बेंजामिन बेनेतो मासेमारीच्या होड्या बांधत. त्यांची नात अ‍ॅनेत रू यांनी १९६० च्या दशकात धंद्याचा मोहरा सहलीच्या नौकांकडे वळवला. झानोही त्याच व्हांदेमधली, १९५७ पासूनची. १९९५ मध्ये ती बेनेतोच्याच समूहात आली. त्याच किनाऱ्यावर ले साब्ल-दोलोन हे बंदर आहे. भारतीय नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी एप्रिल २०२३ मध्ये एकट्याची जगप्रदक्षिणा पुरी करून गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला तो याच बंदरात येऊन. म्हणजे ज्या भागाबद्दल बोलतो आहे तो आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

फ्रान्समध्येच हे का पिकलं, याचं माझं उत्तर असं: तिथे समुद्र श्रीमंतांपुरता राहिला नाही. १९४७ मध्ये फिलिप आणि एलेन व्हियानी या जोडप्याने ब्रिटनीच्या ग्लेनाँ बेटांवर सुरू केलेल्या शिबिरातून पुढे मोठी नौकानयन शाळा उभी राहिली आणि सामान्य घरांतली पोरं समुद्रावर जाऊ लागली. ही पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, मुलाबाळांची झाली. त्यांना शर्यत सोडवेना आणि घरच्यांना किनाऱ्यावर ठेवून जाणंही पटेना. त्यांना एकच नौका परवडणार होती. ती दोन्ही कामांची हवी होती.

त्यांच्यासाठी ‘ट्रान्सक्वाद्रा’ नावाची एक शर्यतही आहे. चाळिशी ओलांडलेल्या हौशी लोकांसाठीची, एकट्याने किंवा दोघांनी अटलांटिक पार करायची: फ्रान्सहून मदैरा बेट, तिथून थेट कॅरिबियनमधलं मार्तिनिक. ३३०० ची थोरली बहीण सन फास्ट ३२०० ही २००८ च्या सुमारास याच शर्यतीवर डोळा ठेवून आखली गेली होती. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मदैरा ते मार्तिनिक हा वाटेचा मोठा हिस्सा व्यापारी वाऱ्यांचा, म्हणजे वारा दिवसचे दिवस पाठीमागून. या नौकांची पाठ एवढी रुंद आणि सपाट का असते, त्याचं कारण या नकाशात आहे. वाऱ्याच्या तोंडाशी घासत जायचं काम त्यांच्या वाट्याला थोडं, पाठच्या वाऱ्यावर घसरत जायचं काम जास्त. ज्याला रोज वाऱ्यावर नाक धरूनच जायचं आहे त्याने ही नौका घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन. पुढून आखूड, उभ्या लाटा येत असतील तर तिचा सपाट तळ थाड-थाड आपटतो आणि आत झोपलेल्या माणसाच्या दातांपर्यंत तो हादरा जातो.

रुंद पाठीमुळे आणखी एक अडचण उभी राहते आणि तिचं उत्तर बघण्याजोगं आहे. जुन्या अरुंद नौकेला मधोमध एक सुकाणू असे. रुंद पाठीची नौका वीस-पंचवीस अंश कलली, की तिचं बूड एका कडेवर उभं राहतं आणि मधलं सुकाणू अर्धं पाण्याबाहेर येतं. सुकाणू धरणाऱ्याला ते हातात कळतं: आत्तापर्यंत जड लागणारा दांडा एकदम पोकळ होतो, आणि नौका कुणाचं न ऐकता गर्रकन वाऱ्याकडे तोंड फिरवते. रात्रीच्या अंधारात, पाठच्या वाऱ्यासाठीचं मोठं फुगं शीड पुढे लावलेलं असताना हे झालं तर फार वाईट. म्हणून ३३०० ला दोन सुकाणू आहेत, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सरकवलेले आणि खाली बाहेरच्या अंगाला तिरके. नौका कलली की वाऱ्याकडचं सुकाणू वर उचललं जातं, पण खालच्या बाजूचं पाण्यात जवळजवळ सरळ उभं राहतं आणि सगळी पकड त्याच्याकडे येते.

याची किंमतही मोजावी लागते. मंद वाऱ्यात दोन पाती पाण्यात ओढली जातात. बंदरात शिरताना तर गंमत अशी, की इंजिनच्या पंख्याचं पाणी मधोमध मागे जातं आणि सुकाणू असतात दोन कडांना. त्यामुळे ते पाणी कशालाच लागत नाही. एका सुकाणूची नौका जागच्या जागी पंखा मारून वळवता येते, हिला आधी थोडा वेग द्यावा लागतो, मगच ती ऐकते. दाटीच्या धक्क्यावर नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

३३०० च्या तळात एक वेगळेपण आहे आणि तिची खरी ओळख तेच आहे, असं मला वाटतं. बहुतेक नौकांचा तळ बाहेरच्या अंगाला फुगीर असतो. हिच्या तळाला मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हलका आतला खोलगा दिला आहे. सरळ उभी असताना याचा फारसा पत्ता लागत नाही. कलली की मात्र पाण्यात उरतो तो एका बाजूचा लांबट, निमुळता भाग, जणू त्या बाजूला एक वेगळी अरुंद होडीच दडवून ठेवली आहे. पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी झाला की अडथळा कमी. रुंद नौकेची स्थिरता आणि अरुंद नौकेची चपळाई एकाच तळातून काढायचा हा प्रयत्न आहे, आणि तो मला फार सुंदर वाटतो.

आता ते पावणेदोन टन. त्यातला एक वाटा सांगाड्याच्या बांधणीतून सुटतो. काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन यांची नौका बनते हे आपण जाणतो. हाताने थर देण्याच्या जुन्या पद्धतीत कापडाचा थर टाकायचा, वर ब्रशने आणि रोलरने रेझिन चोपडायचं, पुन्हा थर. यात रेझिन गरजेपेक्षा जास्त जातं. ताकद देतं कापड. रेझिन त्याला धरून ठेवण्यापुरतं हवं, बाकीचं नुसतं ओझं. सन फास्टमध्ये इन्फ्यूजनची पद्धत वापरतात. सगळं कापड साच्यात कोरडं अंथरायचं, त्यावर प्लास्टिकचा पडदा घालून कडा हवाबंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. पाहुण्यांच्या गाद्या-रजया हवा काढलेल्या पिशवीत कशा चपट्या होऊन बसतात, तसं कापड साच्याला घट्ट चिकटतं. मग नळ्यांची तोंडं उघडली की रेझिन स्वतःहून आत खेचलं जातं आणि कापडात झिरपत पुढे सरकताना दिसतं. लागेल तेवढंच आत जातं.

दुसरी युक्ती थरांच्या मधली. दोन पातळ कातड्या आणि मध्ये हलक्या फोमचा गाभा. पुठ्ठ्याचा खोका आठवा: दोन कागदांमध्ये नागमोडी कागद घातला की तेवढ्याच कागदात कितीतरी पटीने ताठ पुठ्ठा मिळतो. फोमचं काम एवढंच, की दोन कातड्यांना एकमेकींपासून लांब धरायचं.

मोठा वाटा मात्र आतल्या सामानातून जातो, आणि इथेच नौका शर्यतीची किती आणि सहलीची किती ते ठरतं. सन ओडिसीत पुढच्या टोकाला जोडप्यासाठी निजायची खोली आहे. दरवाजे, कपाटं, लाकडी भिंती, मोठी पाण्याची टाकी, बऱ्यापैकी मोठं इंजिन. ३३०० मध्ये पुढच्या टोकाची निजायची खोलीच काढून टाकली आहे. तिथे आहे संडास आणि शिडांच्या पिशव्या ठेवायची जागा. याचं कारण कावडीत सापडेल. दोन भरलेल्या घागरी कावडीच्या दोन टोकांना टांगून चाला: प्रत्येक पावलाला कावड झोके घेते. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवल्या की झोका लगेच कमी. नौकेच्या नाळेत आणि बुडाशी वजन ठेवलं, तर लाटेवर ती अशीच वर-खाली झोके घेत राहते आणि प्रत्येक झोक्यात वेग सांडतो. म्हणून सगळं जड सामान मधोमध, कीलच्या जवळ, आणि जमेल तितकं खाली. शिवाय लाटांत चालत्या नौकेच्या नाळेत कुणाला झोप लागतच नाही. अंग गादीवरून अधांतरी उडतं.

आतला भाग असा आहे: मधे समोरासमोर दोन बाकं आणि घडीचं टेबल, एका कडेला ओटा, दुसरीकडे नकाशाचं मेज, मागे दोन्ही बाजूंना निजायच्या जागा. साधंच. पण त्या साधेपणात दोन गोष्टी मला जवळून दाखवायच्या आहेत.

पहिली शेगडी. ती ओट्यावर पक्की बसवलेली नसते, दोन खिळींवर टांगलेली असते. नौका पंचवीस अंश कलली तरी शेगडी झुलून आडवीच राहते, म्हणजे खरं तर सगळं घर तिच्याभोवती तिरकं होतं. तिच्या वर पातेलं धरून ठेवणारे दोन चिमटे असतात. स्वयंपाक करणारा कमरेला पट्टा अडकवून ओट्याला रेलतो. चहा ओतताना कप आणि किटली एकाच रेषेत नौकेच्या लांबीच्या दिशेने धरायची. आडवी धरली तर एका झोक्यात चहा हातावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किटली काढल्यावर शेगडीचा तोल बदलतो, त्यामुळे मागचं पातेलं आधी बघायचं.

दुसरी निजायची जागा. प्रत्येक बाकाला कापडाचा एक पडदा असतो. तो वर दोरीने ताणला की बाकाची झोळी होते. नौका एका अंगावर कललेली असताना माणूस त्यात पाळण्यातल्या बाळासारखा निवांत पडून राहतो. वाऱ्याकडच्या, म्हणजे उचललेल्या बाजूच्या बाकावरच झोपायचं, कारण झोपलेला माणूसही सत्तर-ऐंशी किलोचं वजन आहे. नौकेने दिशा बदलली की गाढ झोपेतल्या माणसाला उठवून समोरच्या बाकावर पाठवतात. हे ऐकायला निष्ठूर वाटतं, पण नौकेवरची माणसं याला सहज तयार होतात.

यातूनच दोघांच्या खलाशीगिरीचा प्रश्न निघतो. एवढ्या नौकेवर शर्यतीत सात माणसं असली, तर ती डेकच्या वाऱ्याकडच्या कडेवर पाय बाहेर सोडून ओळीने बसतात. सात गुणिले ऐंशी, म्हणजे साडेपाचशे किलोंचं हलतं वजन. दोघंच असतील तर त्यातले चारशे किलो नाहीत. त्याची भरपाई म्हणून ३३०० मध्ये पाण्याच्या टाक्यांचा पर्याय देतात: समुद्राचंच पाणी पंपाने वाऱ्याकडच्या टाकीत घ्यायचं, दिशा बदलायच्या आधी ते दुसऱ्या बाजूच्या टाकीत सोडायचं, वारा पडला की बाहेर टाकून द्यायचं. नको तेव्हा टाकून देता येतं असं वजन दुसरं कुठलं असेल? पूर्वी आपल्याकडची मालवाहू गलबतं रिकामी निघाली की तळात दगड-वाळू भरत, त्याचाच हा चपळ अवतार.

दोघांचा विचार बाकीच्या मांडणीतही दिसतो. पुढचं शीड लहान ठेवलेलं आहे, डोलकाठीच्या फार मागे न येणारं, म्हणजे दिशा बदलताना एकट्यालाही ओढून घेता येतं. मुख्य शीड मोठं. पाठच्या वाऱ्यासाठीचं फुगं शीड नाळेपुढे काढलेल्या पक्क्या दांड्यावर बांधायचं. त्यामुळे डोलकाठीपाशी जाऊन आडवा खांब सांभाळायची कसरत निम्मी कमी होते. सगळे दोर कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत, आणून सोडलेले. सुकाणू चालवणारा बसल्या जागेवरून मुख्य शिडाचा दोर सैल करू शकतो, आणि वाऱ्याचा झोत आला की आयुष्य त्या एका दोरावर अवलंबून असतं. तिसरा गडी म्हणजे स्वयंचलित सुकाणू. दोघांच्या शर्यतीत निम्म्याहून जास्त वेळ तोच नौका चालवतो, कारण एक माणूस झोपलेला असतो आणि दुसऱ्याला शिडं बघायची असतात.

हलकी नौका म्हणजे नाजूक नौका असा समज होतो. त्यामागे एक कटू आठवणही आहे. इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायची ती फास्टनेट शर्यत. ऑगस्ट १९७९ च्या या शर्यतीत ३०३ नौका निघाल्या आणि आयर्लंडच्या दक्षिणेच्या समुद्रात वादळ त्यांच्यावर कोसळलं. १५ खलाशी दगावले. अनेक नौका पूर्ण पालथ्या झाल्या होत्या. त्यानंतर नौका किती अंशांपर्यंत कलली तरी परत उभी राहते, हे मोजणं आणि त्याची खातरजमा करणं शर्यतींच्या जगात बंधनकारक होत गेलं. आज युरोपात विकली जाणारी नौका कुठल्या समुद्रासाठी योग्य ते वर्गानुसार ठरतं. ‘ए’ वर्ग म्हणजे खोल समुद्र, ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर आठ बलाच्या वर वारा आणि चार मीटरहून उंच लाटा. रुंद नौका पालथी पडली तर पालथीच राहायचा धोका जास्त, म्हणून खोल कील आणि खालचा गोळा ही नुसती वेगाची बाब नाही. वजन वरून काढून खाली घालण्यात वेग आणि जीव दोन्ही एकाच बाजूला येतात.

मग दहा मीटरची नौका पंधरा मीटरच्या नौकेशी शर्यत कशी करते? प्रत्येक नौकेला तिच्या मापांवरून एक गुणक देतात. आयआरसी ही त्यातली सगळ्यात चालणारी पद्धत, ब्रिटिश आणि फ्रेंच संस्था मिळून चालवतात, आणि तिचं सूत्र मुद्दाम गुप्त ठेवलेलं आहे, म्हणजे आखणाऱ्यांनी पळवाटांसाठी नौका बांधू नयेत. समजा मोठ्या नौकेचा गुणक १.२०० आणि लहानीचा १.०००. मोठी ६० तासांत आली तर तिचे धरले जातील ७२ तास. लहानी ७१ तासांत आली की ती जिंकली. थोरली नौका बंदरात बांधून, माणसं आंघोळी-जेवणं उरकून झोपलेली असतात, आणि विजेता अजून समुद्रात असतो.

२०१३ च्या फास्टनेटमध्ये हेच झालं. ब्रिटनीत लोरियाँजवळ झाँ-पिएर केल्बेर यांचा जेपीके नावाचा लहानसा कारखाना आहे. त्यांची, झाक व्हालेर यांनी आखलेली, जेमतेम दहा मीटरची जेपीके १०.१० ही नौका पास्काल आणि अलेक्सी ल्वाझों या बापलेकांनी चालवली. पूर्ण खलाशी भरलेल्या साऱ्या नौकांना मागे टाकून त्यांनी एकूण विजेतेपद घेतलं. १९२५ पासूनच्या त्या शर्यतीत दोघांच्या जोडीने ते जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तिथून सगळ्यांची नजर दोघांच्या शर्यतीकडे वळली. २०२१ मध्ये पुन्हा त्याच कारखान्याच्या थोड्या मोठ्या नौकेने, जेपीके ११.८० ने फास्टनेट जिंकली.

सन फास्ट नौकांचं आता पुढचं पाऊल पडलं आहे ते बांधणीच्या रसायनात. झानोच्या सन फास्ट ३० वन डिझाइनमध्ये एलियम नावाचं रेझिन वापरलं आहे. नेहमीचं रेझिन एकदा घट्ट झालं की कायमचं. म्हातारी नौका तोडून पुरण्या-जाळण्यावाचून फारसा इलाज नसतो. एलियम पुन्हा मोकळं करता येतं, तंतू आणि रेझिन वेगळे काढता येतात. युरोपच्या बंदरांत १९७०-८० च्या हजारो नौका मोडकळीला आलेल्या असताना हे फार मोलाचं आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर ३३०० कशी वागेल, असा विचार माझ्या मनात येतोच. निदान दोन मीटरहून जास्त खोल पाणी हवं आणि आपल्या खाड्यांची मुखं गाळाने भरलेली, म्हणजे भरतीची वेळ पाहूनच आत शिरता येईल. ओहोटीला पुळणीवर टेकवून ठेवायची सोय नाही. आपला मचवा जिथे आरामात एका कुशीवर बसतो तिथे हिचं कील तिला अवघडून टाकेल. बाहेर मात्र हिवाळ्यातल्या दुपारच्या वाऱ्यात ती सुरेख पळेल.

शर्यतीच्या आदल्या दिवशी अशा नौकेच्या धक्क्यावर एक ठरलेलं काम चालतं. घरचं सामान उतरवायचं. नांगराच्या आठ मिलिमीटर जाडीच्या साखळीचं वजन मीटरला सुमारे १.४ किलो, म्हणजे पन्नास मीटर साखळी सत्तर किलोंच्या घरात, आणि ती बरोबर नाळेत, जिथे वजन सगळ्यात नडतं. पोरांची खेळणी, पुस्तकं, जास्तीची भांडी, बंदरातली सायकल, डब्यांमधलं अन्न, सगळ्याची धक्क्यावर रास लागते. गुणकाच्या प्रमाणपत्रासाठी नौका तोलताना जे आत धरलं होतं तेवढं मात्र काढता येत नाही. शेगडी, टेबल, बाकं जागच्या जागी राहतात. पाण्याची टाकी जेवढे दिवस तेवढीच भरायची. शर्यत संपली की तीच रास पुन्हा आत जाते, साखळी खळखळत नाळेत उतरते, नौका पाण्यात बोटभर खाली बसते, आणि दुसऱ्या दिवशी मुलं-माणसं चढली की ती सहलीला निघते.